चि. निखिलला, थार कापण्याआधी

कराड,
रविवार

चि. निखिल यास,


तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. परवा मामीच्या भाच्याने पुण्यातल्या कुठल्याशा गॅरेजमधला फोटो दाखवला. गाडी तुझीच, नंबर ओळखला मी. पुढची दोन्ही चाकं काढलेली, गाडी स्टँडवर, आणि शेजारी फरशीवर जुन्या एमएम ५४० जीपचं पुढच्या ॲक्सलचं हाउसिंग पाट्यांसकट पडलेलं. त्यावरून काय शिजतंय ते समजायला मला चष्मा लागला नाही. आधी एकच कळव: चासीला गॅस कटर लागलाय की नाही? लागला नसेल तर तिथंच थांब. लागला असेल तर कुठपर्यंत कापलंय ते सांग, मी रागावणार नाही. (रागावेन, पण नंतर.)

ताईचाही फोन येऊन गेला. तिला ॲक्सल म्हणजे काय हे ठाऊक नाही. "त्याने गाडीचं पुढचं सगळं काढलंय म्हणे, म्हणजे काय रे?" एवढंच तिने विचारलं, आणि मग बराच वेळ गप्प राहिली.

तुझं म्हणणं मला माहीत आहे, दिवाळीत ऐकलंय. तुझ्या थारला पुढे टॉर्शन बार, दोन्ही चाकं स्वतंत्र. एक चाक दगडावर चढलं की दुसरं त्याच्या जागीच राहतं आणि हवेत लटकून फिरत बसतं. सलग हाउसिंग असलं तर एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, जमीन सुटत नाही. जिप्सी तशी होती, आजची जिम्नीही तशीच आहे. यातलं काही खोटं नाही. दगडधोंड्यांत सलग हाउसिंगच सरस, हे मी वर्कशॉपमधल्या पोरांनाही सांगत आलो. पण तुझी गाडी दगडधोंड्यांत वर्षातून किती रविवार असते? बाकीचे दिवस ती हिंजवडीला जाते. आणि दर गणपतीला ताईला बसवून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते. पुढचं काम ठरवायचं ते त्या उतारावरून, चढावरच्या फोटोंवरून नव्हे.

ते हाउसिंग बसवायचं म्हणजे काय काय होणार, हे त्या मिस्त्रीने तुला सांगितलंय का? थारचे टॉर्शन बारचे ब्रॅकेट कापायचे, पाट्यांसाठी नवे हँगर वेल्ड करायचे. आजचं स्टिअरिंग त्या हाउसिंगला चालणार नाही, म्हणून बॉक्स आणि ड्रॅग लिंक दुसरी. पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण अगदी एक हवं, नाहीतर फोर बाय फोर टाकलं की ट्रान्सफर केस आतल्या आत पिळली जाते. ५४० चं हाउसिंग थारपेक्षा अरुंद, म्हणजे पुढची चाकं आत आणि मागची बाहेर. प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि कोन बदलणार. ब्रेकचे होज लांब लागणार, कारण चाक पूर्ण खाली लटकलं की जुना होज ताणून तुटतो, आणि हे कधी कळतं? ब्रेक मारल्यावर. यातली प्रत्येक गोष्ट नीट करणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण ते आधी कागदावर मोजमाप काढतात, मग कटर पेटवतात. त्या फोटोत मला कागद कुठं दिसला नाही.

कायद्याचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपात बदल करता येत नाही. उद्या काही झालं तर विमावाला पहिल्यांदा तुझी वेल्डिंग बघेल. तू म्हणशील, मामा, सगळेच करतात. करतात, खरं आहे.

आता जे तुला कुणी सांगितलेलं नाही ते सांगतो. दाजींचा उजवा कोपर सरळ होत नाही, तो कबड्डीत मोडला असं घरात सांगतात. तो कुंभार्लीत मोडला. त्यांची गाडी ५४० च होती. मोठे टायर बसावेत म्हणून त्यांनी पुढच्या पाट्यांच्या शॅकल लांब करून घेतल्या होत्या. गाडी दिसायची मात्र झकास. किंगपिन वरच्या बाजूने जराशी मागे झुकलेली असावी लागते, तो कास्टर. त्याच्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं. शॅकल लांब झाली की हाउसिंग पुढे कलतं आणि तो झुकाव निघून जातो. त्यात किंगपिनचं बेअरिंग किंवा टाय रॉडचा एंड जरा खाल्लेला असला, की एका खड्ड्याने पुढची चाकं थरथरायला लागतात आणि थांबत नाहीत. स्टिअरिंग हातात राहत नाही. पोफळीच्या बाजूला उतरताना तेच झालं. गाडी डोंगराच्या अंगाला गेली म्हणून सगळे वाचले. ताई शेजारी बसली होती.

निघण्याआधी मी त्या गाडीखाली डोकावलो होतो. शॅकल बघितली, हाउसिंगचा कल बघितला. पाट्याखाली एक निमुळती पाचर टाकली असती तरी बरंच भागलं असतं, अर्ध्या दिवसाचं काम. पण ते दाजी, मी त्यांचा मेव्हणा, वयाने लहान, एसटीत नुकता हेल्पर लागलेला. त्यांना काय सांगायचं म्हणून हात पुसून बाजूला झालो. घाटात ताई दाराच्या वरचं हँडल घट्ट धरून बसते आणि तू तिला हसतोस ना, ते यामुळे. परत हसू नकोस.

तेव्हा चासी कापली का, हे मी सारखं का विचारतोय ते तुझ्या लक्षात येईल. बोल्टने बसवलेलं काहीही परत काढता येतं. कापलेलं नाही.

तू दुसरा विचार करशील, की मग टॉर्शन बारच पिळून गाडी चार इंच वर घेतो, ते तर फुकटात होतं. तेही नको. बार पिळल्याने स्प्रिंग ना कडक होते ना लांब, गाडी फक्त चवड्यांवर उभी राहते: उंची दिसते, पण पाय खाली आणखी पोचत नाही. वरचा आर्म आधीच खालच्या स्टॉपरला टेकायला येतो, म्हणून प्रत्येक खड्ड्यात ठक्क आवाज येतो आणि लोक म्हणतात सस्पेन्शन कडक झालं. हाफ शाफ्टचे जॉइंट तिरके चालतात, त्यांचे रबर बूट फाटतात, चिखल आत जातो, आणि ताम्हिणीच्या पहिल्याच पावसात जॉइंट कटकट करायला लागतो. शिवाय पुढचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, चासीला टांगलेला, त्यामुळे चार इंचांनी सगळ्या कोनांची वाट लागते.

माझं मत विचारशील तर पुढे एक इंच, फार तर दीड. हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत दोन्ही बाजू टेपने मोजून सारख्या. मागचे पाटे त्याला जुळवून. जॅकवर चाक मोकळं सोडून आर्म, शॉकॲब आणि ब्रेक होज यांना जागा उरते का ते स्वतः बघायचं, मिस्त्रीच्या तोंडावर जायचं नाही. मग अलाइनमेंट, आणि फक्त टो नव्हे, कॅम्बर आणि कास्टरचाही कागद मागून घे. वरचे आर्म बदलावे लागले तर तयार मिळणारे बोल्टचे घे. वेल्ड केलेले नको.

खरा फरक टायरने पडेल. तुझे २३५/७० आर १६ आहेत. २४५/७५ आर १६ घातलेस तर व्यास सुमारे ३९ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी १९-२० मिलिमीटर वर, आणि मुख्य म्हणजे मागचं हाउसिंगही वर. सस्पेन्शन कितीही उचललंस तरी ते एका केसानेही वर जात नाही, ते काम टायरच करतो. स्पीडोमीटर मग पाचएक टक्के कमी दाखवेल आणि ब्रेक जरा उशिरा लागतील, ते ध्यानात ठेव. चिखलात हवा वीसच्या आसपास आणायची, परत निघताना भरायची. तुझी गाडी २०१५ नंतरची, मागे लॉकर कंपनीचाच आहे. त्याचा पुरता उपयोग तरी करून बघितलास का रे? मला वाटतं नाही.

फार बोललो. तुला गाड्यांचं वेड लागलं ते माझ्याकडूनच, हे ताई मला ऐकवते आणि मला मनातून बरं वाटतं. सहावीत असताना सुट्टीत तू माझ्याबरोबर डेपोत यायचास आणि जेवायला बसल्यावरही नखातलं ग्रीस काढू द्यायचा नाहीस. ते हाउसिंग विकत घेतलं असशील तर पैसे गेले म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. इकडे ५४० वाले अजून आहेत, मी ते खपवून देतो. टायरला पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे. दाजींना सांगायची गरज नाही, मामीलाही नाही.

कापलं नसेल तर पुढची चाकं लावून घे आणि येत्या शनिवारी गाडी इकडे आण. सावकाश ये, रात्री निघू नकोस. गुडघा कुरकुरतो, पण तू जॅक लावलास तर गाडीखाली मी अजून जातो. टॉर्शन बारचे बोल्ट दोघं मिळून फिरवू. आणि हे पत्र मिळाल्यावर मला नंतर कर, आधी ताईला फोन कर.

तुझा,
मामा