शॉकअप घट्ट केला की स्प्रिंग कडक होते का?

प्रश्न : मी सुरतच्या उधन्यात राहतो. रोज पांडेसऱ्याच्या मिलमध्ये एकटाच मोटरसायकलने जातो. सणासुदीला मात्र पत्नी मागे आणि बॅग बांधलेली, असे आम्ही बारडोली, सोनगड, नवापूरमार्गे नंदुरबारला जातो. तेव्हा मोठ्या खड्ड्यात मागून ठोका बसतो. मेकॅनिक म्हणतो, शॉकअप बदला. मित्र म्हणतो, पान्याने घट्ट कर, स्प्रिंग कडक होईल. खरे काय? आणि मदतीला कोणी नसताना हे काम घरी जमेल का?

उत्तर : जमेल. मात्र मित्राचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पाना फिरवल्याने गाडीत फरक पडतो, पण स्प्रिंग कडक होत नाही.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापला : जितके वजन, तितका दाब. समजा, तुमची स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला २० किलो लागतात आणि ती आधीच एक सेंटिमीटर दाबून बसवली आहे. तिच्यावर ६० किलो आले, तर ती एकूण तीन सेंटिमीटर दबायला हवी. त्यातला एक आधीच दबलेला असल्याने गाडी दोनच सेंटिमीटर खाली बसेल. पान्याने तो आधीचा दाब दोन सेंटिमीटर केला, की गाडी एकच सेंटिमीटर बसेल. पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला मात्र पूर्वीसारखेच २० किलो लागतील. म्हणजे पान्याने गाडीची उंची बदलते आणि खड्ड्यासाठी खाली जागा शिल्लक राहते. दोघे बसल्यावर ही जागा आधीच संपते, म्हणून ठोका ऐकू येतो.

पाना उचलण्याआधी मागच्या टायरची हवा बघा. टायर थंड असताना, दोघांसाठी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी ती हवी. हवा कमी असेल तर शॉकअपला उगाच दोष जातो.

आता मोजमाप. त्यासाठी तीन माणसे लागतात असे सांगतात : एक बसायला, एक गाडी धरायला, एक मोजायला. एकट्याने करायचे तर मोबाइल आणि शिवणकामाची टेप पुरते. सुरतेत टेप शोधायला लांब जावे लागणार नाही. मागच्या चाकाच्या एक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा. तिथून टेप सोडा आणि खाली एक नट बांधा, म्हणजे ती सरळ लोंबेल. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करा आणि एक्सलच्या मध्याशी येणारा आकडा लिहून ठेवा.

मग गाडी सपाट जागी, भिंतीपासून हातभर अंतरावर उतरवा. मोबाइल विटेला टेकवून एक्सलच्याच उंचीवर ठेवा. तो वर-खाली असला तर आकडा चुकीचा दिसतो. व्हिडिओ सुरू करा, ब्रेक न दाबता सीटवर नेहमीसारखे बसा, कोपर भिंतीला टेकवा आणि पाय अलगद फूटरेस्टवर घ्या. एकदा मागचा भाग खाली दाबून हळू सोडा. एकदा किंचित उचलून हळू बसू द्या. घर्षणामुळे दोन्ही वेळी आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून सरासरी काढा. स्टँडवरच्या आकड्यातून ती वजा केली, की गाडी किती बसते ते कळते.

रस्त्यावरच्या गाडीसाठी हे उत्तर चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते तिसरा हिस्सा असावे. चाल दहा सेंटिमीटर असेल, तर अडीच ते सव्वातीन. जोडीने मोजायचे तर पत्नीला मागे बसवावे लागेलच. तेव्हाही आधार भिंतीचाच घ्या.

गाडी याहून जास्त बसत असेल, तर ती पुन्हा डबल स्टँडवर घ्या. चाक लोंबकळत असताना स्प्रिंगवर ताण सर्वांत कमी असतो आणि तिचा दाब बदलणारे कडे सहज फिरते. बहुतेक साध्या गाड्यांत शॉकअपला पायऱ्यांसारख्या खाचांचे कडे असते आणि गाडीच्या टूलकिटमध्ये त्यासाठी वाकड्या तोंडाचा पाना असतो. आधी ब्रशने माती काढा. एका वेळी एकच खाच, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. एक बाजू दुसरीवर, दुसरी चौथीवर ही चूक फार आढळते. त्याने एका शॉकअपवर जास्त भार येतो. पुढच्या फोर्कची टोपी किंवा शॉकअपची स्प्रिंग घरी कधीही उघडू नका. दाबलेली स्प्रिंग उसळली तर चेहरा फुटू शकतो.

मागून गाडी फार बसली, की हेडलाइट वर जातो आणि नवापूरच्या वाटेवर रात्री समोरच्याचे डोळे दिपतात. हा दोषही खाचा वाढवल्याने पुष्कळ कमी होतो. पण गावाहून परतलात की खाच पुन्हा खाली आणा. एकट्याच्या वजनाला गाडी उंच राहिली, तर खड्ड्यावर चाक उड्या मारते आणि पकड सुटते.

राहिले मेकॅनिकचे म्हणणे. स्प्रिंग वजन पेलते. तिचे हेलकावे थांबवायचे काम शॉकअपमधले तेल करते, आणि ते पान्याने बदलत नाही. सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली, तर शॉकअप ठीक आहे. दोन-तीनदा डुलली किंवा दांडीवर तेलाचा ओलावा दिसला, तर मेकॅनिक बरोबर आहे, आणि मग दोन्ही शॉकअप जोडीनेच बदला.