व्यायाम आणि सोबत

शरीर निकोप असल्यावाचून विद्या आणि सेवा ही दोन्ही अपुरी राहतात, हे विद्यार्थ्यांस नव्याने सांगावयास नको. व्यायामाचा आरंभ करणारेही पुष्कळ आढळतात. सुटी संपताच किंवा नवे वर्ष लागताच कित्येक मुले पहाटे उठण्याचा निश्चय करितात. आठ-पंधरा दिवस तो टिकतो. पुढे थंडी, परीक्षा अथवा घरी आलेले पाहुणे यांपैकी एखादे निमित्त होते आणि अंथरूण पुन्हा प्रिय वाटू लागते. तेव्हा खरा प्रश्न सातत्याचा आहे. हे सातत्य एकट्याच्या मनोनिग्रहावर क्वचितच टिकते. बहुधा ते सोबत्यांच्या आधारावर उभे असते. हा आधार कसा लाभतो व तो कशाने नासतो, याचा येथे थोडक्यात विचार करू.

आपल्या प्रांतात ही गोष्ट पूर्वीपासून लोकांस ठाऊक आहे. समर्थ रामदासस्वामी यांचा जन्म १६०८ साली आपल्याच जिल्ह्यातील जांब या गावी झाला. त्यांनी मारुतीची देवळे स्थापिली व बलोपासनेचा उपदेश केला. मारुतीचे देऊळ आणि त्याच्या शेजारी तालीम ही जोडी महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही दृष्टीस पडते. आम्हां ख्रिस्ती लोकांचा धर्म निराळा असला तरी त्यातील एक मर्म आम्हांसही घेण्याजोगे आहे. ते हे की, बळ कमविण्याची जागा घराच्या कोपऱ्यात नसून गावाच्या सामाईक ठिकाणी असे.

तालमीची रीत नीट पाहावी. आखाड्यातील लाल मातीत ताक, तेल, हळद इत्यादी पदार्थ मिसळतात. ती माती फावड्याने खणून मोकळी करण्याचे काम पट्ठे स्वतःच करितात. त्यात थोरामोठ्यांचा भेद नसतो. जोर व बैठका सर्वांनी एका वेळी काढावयाच्या, म्हणून एकाची संख्या दुसऱ्याच्या कानावर पडते. जुना पैलवान नव्या मुलाशी खेळतो तेव्हा त्यास एकदम चीत करीत नाही. पेलेल इतकाच जोर लावून त्यास डाव शिकवितो. दोन दिवस कोणी आला नाही, तर वस्ताद त्याची चौकशी करितात. आपली कोणी वाट पाहत आहे, एवढ्या एका जाणिवेने जितके लोक पहाटे उठतात तितके गजराच्या घड्याळाने उठत नसतील.

शास्त्रज्ञांनीही या विषयाचा शोध घेतला आहे. जर्मनीत ओटो कोहलर यांनी १९२६ च्या सुमारास नौका वल्हविणाऱ्या तरुणांवर काही प्रयोग केले. हातांनी वजन उचलण्याचा व्यायाम प्रत्येकाने प्रथम एकट्याने करावयाचा, नंतर जोडीने दुप्पट वजन उचलावयाचे, आणि जोडीतील एक थकला की दोघांचेही काम थांबावयाचे, अशी योजना होती. आपल्यामुळे सोबत्याचे काम थांबू नये म्हणून जोडीतील अशक्त गडी एकट्याने टिकला असता त्याहून अधिक वेळ टिकतो, असे त्यांत आढळून आले. दोघांच्या शक्तीत बेताचे अंतर असे तेव्हा हा लाभ सर्वांत अधिक होई. दोघे अगदी समान असले किंवा फारच विषम असले, तर तो उणावे. आमचे वस्ताद जोड लावताना जे पारखून पाहतात, तेच या प्रयोगाने सिद्ध केले.

परंतु नुसती गर्दी म्हणजे सोबत नव्हे. फ्रान्समधील शेतकी शास्त्राचे अध्यापक रिंगेलमान यांनी माणसांस दोर ओढावयास लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. माणसे वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आठ जण एकत्र ओढू लागले तेव्हा दर माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर आला. सर्वांचा हिसका एकाच क्षणी न बसणे हे त्याचे एक कारण; आपण थोडे सैल पडलो तर कोणास कळणार, ही भावना हे दुसरे. शहरांतून आता ठिकठिकाणी जिम निघाल्या आहेत. तेथे तीस माणसे असूनही कोणी कोणास नावाने ओळखत नसेल, तर मासिक फी भरणारा मनुष्य दुसऱ्या महिन्यात येईनासा झाला तरी ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सोबतीचे बळ किती दूरवर पोचते, याचे उत्तम उदाहरण कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचे होय. कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे १९२६ साली त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान असल्याने मुलास पहिले धडे घरीच मिळाले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तेव्हा पैशाची अडचण पडली. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात लाभलेले ते पहिले पदक होय. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण त्याहून आम्हांस महत्त्वाचे वाटते ते पुढले कृत्य: त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. ज्यांनी हात दिला त्यांचे ऋण जो जाणतो, तोच सोबतीचा खरा अधिकारी.

आपल्या जालना शहरानेही असे दृश्य पाहिले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा येथे भरली व बुलढाण्याचे बाला रफिक शेख यांनी ती गदा जिंकली. त्यांनी कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते. गदा एकाच्या खांद्यावर जाते. पण तिच्यामागे वस्तादांची शिकवण आणि रोज अंगावर घेऊन खेळविणाऱ्या कितीतरी अनाम जोडीदारांचे श्रम असतात.

आज तालमीबाहेरही तेच तत्त्व कामी येत आहे. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. त्यासाठी पहाटे गावच्या रस्त्यांवर धावणारे तरुण बहुधा टोळीने दिसतात. एकाच्या हाती घड्याळ असते, दुसरा मागे राहिलेल्यास हाक देतो. कित्येकांच्या घरचे सुखदुःख त्या चाचणीवर अवलंबून असते. म्हणून ही हाक क्षुल्लक समजू नये.

आता ज्याने सोबत नासते त्या दोषाविषयी. तो दोष म्हणजे उपहास. स्थूल मुलास, कृश मुलास, धापा टाकणाऱ्या मुलास एकदा हसले की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. आणि व्यायामाची गरज तर त्यासच सर्वांत अधिक असते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एका पक्षघाती मनुष्याची कथा आहे. त्यास चौघांनी उचलून आणिले. दाटीमुळे वाट मिळेना, तेव्हा त्यांनी छप्पर उघडून त्यास प्रभूपुढे खाली सोडिले. त्या चौघांची नावेही दिलेली नाहीत. बळकट खांदे कशासाठी असतात, हे त्या कथेवरून शिकावे.

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एका आळीतील तिघा-चौघांनी मिळून वेळ ठरवावी व ती मोडू नये. आपल्याहून थोडा सरस असा जोडीदार निवडावा, आणि आपल्याहून थोडा उणा असेल त्याचा जोडीदार आपण व्हावे. प्रत्येकाच्या जोर-बैठका वहीत लिहाव्या, म्हणजे कोणाचा वाटा लपणार नाही. जो आला नाही त्याच्या दारी जावे. पालकांनी आपल्या मुलाची शेजारच्या मुलाशी तुलना न करिता त्याच्या कालच्या संख्येशी करावी. मुलींस पहाटे बाहेर पाठविण्याची धास्ती वाटते, म्हणून त्यांना घरी बसवू नये. चार मैत्रिणी व एखादी वडीलधारी बाई यांची सोबत जुळवून द्यावी. आजारी मुलाने प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा.

इतके केले तर वर्षअखेर कोणाचे दंड किती भरले, याहून आरंभी निघालेल्यांपैकी किती जण अद्याप एकत्र आहेत, याचीच मोजदाद अधिक आनंद देईल.