दुभंगलेल्या हिरडीतील अस्थिरोपण : नववे वर्ष का महत्त्वाचे?

दातांच्या विषयावर बालरोगतज्ज्ञाने लेखणी उचलावी, याचे आमच्या दंतवैद्यक मित्रांना नवल वाटेल. परंतु या लेखाचे कारण माझ्याच दवाखान्यात घडले आहे.

निपाणीजवळच्या एका खेड्यातील मुलगी दुभंगलेला ओठ व टाळू घेऊन जन्माला आली. आई घरी विड्या वळीत असे. गरोदरपणी ग्रहणात विळी हाती धरल्याचा ठपका सासरच्यांनी तिच्यावर ठेवला होता. तो दूर करण्यातच माझ्या पहिल्या दोन भेटी खर्ची पडल्या. ओठाची शस्त्रक्रिया पाचव्या महिन्यात, टाळूची वर्ष उलटल्यावर झाली. पुढे लसीकरण, कान वाहणे, ताप-खोकला यांसाठी ती माझ्याकडे येत राहिली. ती नऊ वर्षांची असताना वडिलांनी विचारले, "डॉक्टर, आता आणि काय ऑपरेशन ऱ्हायलंय काय?" मी ओठावरचा बारीक व्रण पाहिला, तिला दोन वाक्ये बोलावयास लावली आणि "काही नाही" म्हणून सांगितले. ओठ वर करून हिरडी मात्र पाहिली नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती इम्प्लांटची चौकशी करण्यास आली. पुढच्या दातांशेजारचा एक दात मुळात उगवलाच नव्हता. सुळा भेगेच्या काठाशी, पुरेशा हाडाच्या आधाराविना आला, हलू लागला व काढावा लागला. दोन दातांची जागा मोकळी, तेथील हाड अगदी अरुंद, आणि चूळ भरताना पाणी नाकात येई.

ओठ व टाळू शिवले तरी त्या दोहोंमधील, दात ज्यात रुजतात ती हाडाची कड दुभंगलेलीच राहू शकते. वरून हिरडी असते, आत हाड नसते. सुळा साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी खाली उतरतो. त्यापूर्वी, त्याचे मूळ अर्धे ते दोन-तृतीयांश तयार झालेले असताना, म्हणजे बहुधा आठ ते अकरा या वयात, कमरेच्या हाडातील मऊ, जाळीदार भाग काढून त्या भेगेत भरतात. अमेरिकेतील बॉइन व सँड्स यांनी १९७२ साली ही पद्धत मांडली. आजही जगभर तीच आधारभूत मानली जाते. सुळा त्या नव्या हाडातून मार्ग काढीत खाली येतो, आणि दात आला की हाडही टिकते. दाताविना हाड झिजते, हा या सर्व शास्त्राचा गाभा आहे. निरोगी प्रौढातही दात काढल्यावर पहिल्या वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते.

कित्येक पालक विचारतात, लहानपणीच इम्प्लांट का बसवू नये? कारण इम्प्लांट हाडाशी एकजीव होतो. जबडा वाढत जातो, शेजारचे दात त्याबरोबर खाली सरकतात आणि इम्प्लांट मात्र जागीच अडकून राहतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. हाडाचे काम बालपणीचे, इम्प्लांटचे काम तारुण्यातले. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी हेरले. त्यांनी १९६५ साली ज्या पहिल्या रुग्णास असे दात बसविले, तो स्वतः जन्मतः दुभंगलेला टाळू व जबड्याची विकृती असलेलाच होता. ते इम्प्लांट चाळीस वर्षे टिकले.

प्रौढ वयात हाड भरता येत नाही असे नाही. हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागील भागातून वा कमरेतून हाड घेतात; कृत्रिम खनिजे वा प्राण्यांच्या हाडापासून प्रक्रिया केलेली पूडही वापरतात. ही पूड पुष्कळदा गोवंशाची असते. आपल्या भागातील शाकाहारी जैन व लिंगायत कुटुंबांना हे आधी सांगणे आवश्यक आहे. ते नंतर कळल्यास होणारा मनस्ताप मी पाहिला आहे. परंतु रुंद भेगेत, व्रणांनी आवळलेल्या हिरडीखाली, आधारास दात नसताना भरलेले हाड नवव्या वर्षाइतके भरवशाने टिकत नाही. त्यात तंबाखू आली तर आणखी कठीण. निपाणीच्या मातीत तंबाखू पिकते, आणि आमच्या घरांतून ती मिश्री होऊन हिरड्यांवर चोळली जाते. तिने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम भरण्यास विलंब होतो. ही मुलगीही आईच्या डबीतून मिश्री घेत होती. ती सोडल्याखेरीज शस्त्रक्रियेची तारीख मिळणार नाही, असे मुखशल्यचिकित्सकांनी तिला स्पष्ट सांगितले.

बेळगावात केएलई संस्थेचे दंतवैद्यक महाविद्यालय १९८५ पासून आहे. निपाणीकरांना ते दूर नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू समाविष्ट आहेत, पण तो अठराव्या वर्षापर्यंतच. माझी रुग्ण एक वर्ष उशिरा आली होती. खरे तर मी तिला दहा वर्षे उशिरा पाठविले.

तेव्हापासून अशा प्रत्येक मुलाच्या फाईलवर मी लाल शाईने 'सात वर्षे : हिरडी पाहणे, दंततज्ज्ञांकडे पाठविणे' असे लिहून ठेवतो. सातव्या वर्षी पाठविल्यास दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना अरुंद जबडा आधी रुंद करण्यास अवधी मिळतो.

तिच्या कमरेतील हाड भरून आता आठ महिने झाले. नाकात पाणी येणे थांबले आहे. परवाच्या स्कॅनमध्ये भरलेल्या हाडापैकी निम्मेच उरलेले दिसले. इम्प्लांटपूर्वी पुन्हा थोडे भरावे लागेल. वडिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी तिचा ओठ वर करून, टॉर्चच्या उजेडात नीट पाहून मगच उत्तर दिले.