पाव आटाच फिरव

भाच्या, पहिली गोष्ट ध्यानात ठेव. पॉवर व्हॉल्व्ह ताकद तयार करत नाही. ताकद येते कॉम्प्रेशनमधनं, कार्बोरेटरमधनं आणि त्या फुगीर एक्झॉस्ट पाइपमधनं. ती कधी आणि किती झटक्यानं मागच्या टायरवर उतरणार, तेवढं व्हॉल्व्ह ठरवतो. गाडीत दम नाही म्हणून कुणी थेट त्याच्या स्क्रूला पाना लावायला लागला की समजायचं, आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

हे कळायला परदेशी मोटोक्रॉसची गाडी लागत नाही, आपली यामाहाची आरएक्स पुरे. १९८५ साली आलेली, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. कोल्हापुरात तिचा नाद काय आहे ते तुला मी सांगायला नको. तिच्या सिलिंडरचं एक्झॉस्ट पोर्ट कानशीनं घासून वर चढवलं की काय होतं, ते तूच बघितलंयस. वरच्या आरपीएमला गाडी किंचाळत पळते, आणि मिरजकर तिकटीच्या गर्दीत दुसऱ्या गियरला मेल्यासारखी चालते. कारण सोपं आहे. पोर्ट वर गेलं म्हणजे पिस्टन खाली येताना ते लवकर उघडतं. इंजिन जोरात फिरत असताना वेळ कमी असतो, जळका धूर बाहेर पडायला ते लवकर उघडणं फायद्याचं. पण सावकाश फिरताना तोच धूर पिस्टनला पुरता ढकलायच्या आधीच निसटतो, आणि त्याच्या मागनं ताजं पेट्रोलही सायलेन्सरच्या वाटेला लागतं. वर पायजे तर खाली सोडावं लागतं. आणि कानशीनं एकदा खाल्लेलं पोर्ट परत खाली आणता येत नाही, हे पोर्टिंग करून घेणाऱ्या पोरांना सिलिंडर हातात आल्यावर कळतं.

पॉवर व्हॉल्व्ह म्हणजे त्या पोर्टाचं हलणारं छप्पर. सावकाश असताना खाली, जोरात असताना वर. यामाहानं १९७७ साली ही करामत आपल्या रेसच्या गाडीवर आणली. १९८३ मध्ये परदेशातल्या रस्त्यावरच्या आरडी ३५० ला व्हॉल्व्ह मिळाला, आणि त्याच वर्षी आपल्याकडं राजदूत ३५० आली ती जुन्या पिढीची, बिनव्हॉल्व्हची. आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या मेस्त्र्यांनी हा भाग हाताळलाच नाही त्याचं कारण हे. म्हणून गल्लीतल्या कुणी ‘मला सगळं म्हाईत हाय’ म्हटलं, तरी आधी त्या गाडीचं मॅन्युअल उघड.

आता क्रॉस गाडीत हे छप्पर हलवतं कोण? बहुतेक गाड्यांत क्लच कव्हरच्या आत एक गव्हर्नर असतो. इंजिन फिरलं की त्यातल्या पोलादी गोळ्या बाहेर फेकल्या जातात, उतरत्या खोबणीत चढतात आणि दांडा ढकलतात. समोरनं स्प्रिंग अडवते. गोळ्यांचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की व्हॉल्व्ह उघडायला लागतो. सगळा खेळ या कुस्तीचा आहे, आणि तू स्क्रू फिरवतोस तेव्हा स्प्रिंगच्या बाजूनं वजन टाकतोस किंवा काढून घेतोस, एवढंच.

म्हणूनच गाडी स्टँडवर लावून रेस देत बसणाऱ्यांचं मला हसू येतं. गव्हर्नरला फक्त आरपीएम कळतो, ओझं कळत नाही. सिलिंडरच्या बाजूचं छोटं झाकण काढून स्टँडवर रेस दिलीस तर दांडा हलतो की अडकतो ते दिसेल, तेवढ्यापुरतं ते ठीक. पण तो योग्य वेळी हलतोय का, हे तिथं कधीच कळणार नाही. आणि शेजारची म्हातारी माणसं दुपारची झोपलेली असतात, तेही लक्षात ठेव.

स्क्रूच्या आधी चार गोष्टी बघायच्या. कॉम्प्रेशन. रीडच्या पट्ट्या, त्यांची टोकं उचललीयत का, चिरलीयत का. सायलेन्सरचं पॅकिंग, ते जळून गेलं की आवाज फाटतो आणि मधली ताकद पातळ होते, मग पोरं दोष व्हॉल्व्हला देतात. चौथा कार्बोरेटर, आणि हा सगळ्यात फसवा. मिक्श्चर रिच असेल तर खालनं गाडी घुमते, गुडगुडते, आणि मग साफ होऊन एकदम उचलते. ते अगदी व्हॉल्व्ह उशिरा उघडल्यासारखंच वाटतं. जेट बरोबर बसल्याशिवाय व्हॉल्व्ह लावायला बसायचं नाही. कोल्हापूरचा उन्हाळा आणि डिसेंबरातली पहाट यांत हवेचा फरक मोठा आहे. एप्रिलमध्ये बरोबर वाटणारा जेट थंडीत लीन पडतो. थंडीत बसवलेला मोठा जेट उन्हाळ्यात तसाच ठेवलास तर गाडी रिच.

ऑइलचं तसंच. मॅन्युअलमध्ये जे प्रमाण दिलंय तेच. ४० ला १ म्हणजे १० लिटर पेट्रोलला २५० मिली. ‘जास्त ऑइल टाकलं की गाडी रिच होते’ असं सगळे म्हणतात, ते उलटं आहे. त्याच जेटमधनं ऑइल जास्त गेलं तर पेट्रोल तेवढंच कमी जातं, म्हणजे मिक्श्चर लीन होतं. सायलेन्सरच्या जोडातनं काळं चिकट ओघळायला लागलं की लगेच ऑइल कमी करू नकोस. बहुतेक वेळा इंजिन पुरतं गरम होत नसतं, नाहीतर जेट मोठा असतो.

हे सगळं धड असलं तर मग व्हॉल्व्ह काढ, आणि काढायचा तो पहिल्यांदा साफ करायला. सुटा करताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घे. काही गाड्यांत आतल्या छोट्या गियरवर ठिपके असतात, ते एकमेकांसमोर आले नाहीत तर एक बाजू उघडते आणि दुसरी मिटलेली राहते. पाती, म्हणजे ते हलणारं छप्पर, रात्रभर डिझेलमध्ये भिजत घाल. सकाळी कार्बन मऊ होतो, तेव्हा पितळी ब्रश आणि बांबूची चपटी काडी. स्टीलचा ब्रश नाही, कानस तर नाहीच. पातीची धार बोटानं चाचपून बघ. ती पिस्टनपासून केसभर अंतरावर चालते, तिथं ओरखडा पडला की कार्बन तिथंच धरतो. दांड्याचा सील आणि ओ-रिंग बघ. जोडाबाहेर काळा ओलावा दिसत असेल तर ते बदलायला झालेत. परत बसवताना ग्रीस लावायचं नाही, ते जळून गोंद होतं. टू-स्ट्रोक ऑइलचा हात फिरवला की पुरे.

बसवल्यावर एक्झॉस्ट पाइप लावायची घाई करू नकोस. प्लग काढून ठेव, पोर्टात बॅटरीचा उजेड टाक आणि हातानं दांडा पूर्ण उघड. पातीची खालची कड पोर्टाच्या छपराशी सरळ रेषेत दिसली पाहिजे. ती एक मिलिमीटर जरी खाली लोंबत असली तरी वरची ताकद येणार नाही, आणि मग तू महिनाभर जेट बदलत बसशील. आता दांडा मिटव आणि किक हातानं सावकाश दाब. पिस्टन वर-खाली होताना कुठंही ‘टिक’ असं लागलं तर थांब. तिथं पाती पिस्टनला घासतेय; तशीच गाडी चालू केलीस तर पिस्टन, रिंग, सिलिंडर सगळं जाईल. मिटलेल्या व्हॉल्व्हची उंची किती असावी ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते व्हर्नियरनं मोजायचं. नजरेनं नाही.

आता स्क्रू. केटीएमच्या जुन्या मोठ्या टू-स्ट्रोकला बाहेरनं फिरवता येतो. यामाहाच्या वायझेडला तसा स्क्रू नाही, तिथं क्लच कव्हर उघडून स्प्रिंगच बदलावी लागते. फिरवण्याआधी कंपनीची जागा कुठं आहे ते मोज आणि मार्करनं रेघ मार. आत फिरवलास की स्प्रिंग आवळते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. बाहेर सोडलास की लवकर. एका वेळी पाव आटा. त्या फेरीत दुसरं काहीही बदलायचं नाही, टायरची हवासुद्धा नाही.

तपासायचं कसं? मोकळा चढ शोध, रानातला असेल तर मालकाला विचारून. तिसऱ्या गियरला गाडी जवळजवळ गचकायला येईल इतकी खाली आण आणि अॅक्सिलेटर पूर्ण उघडून धरून ठेव. मग कान नाही, बूड सांगतं. खालनं गाडी पोकळ, हवा गिळल्यासारखी चालली आणि मग हळूहळू जमली, तर व्हॉल्व्ह लवकर उघडतोय, पाव आटा आत. खालनं चांगली ओढली, मध्येच दमली आणि मग लाथ मारल्यासारखी सुटली, तर उशीर होतोय, पाव आटा बाहेर. मधला सांधा कळेनासा झाला की जमलं. त्या सेटिंगला गाडी मजेदार वाटणार नाही बघ. पोरांना लाथ आवडते, त्यांना वाटतं ताकद वाढली. घड्याळ लावलंस तर बहुतेक वेळा ती लाथच तुला मागं टाकत असते, कारण त्या क्षणी टायर फिरतो आणि गाडी जाग्यावर राहते.

केटीएमच्या त्याच जुन्या २५० आणि ३०० ला आत एक जादा स्प्रिंगही असते, तीन रंगांची मिळते. पिवळी कंपनीची, मधली. हिरवी मऊ चाल देते, लाल रांगडी. पोरं लाल मागतात. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्यावर बारीक खडी मोकळी पडलेली असते, तिथं हिरवीच लाव. ऊस वाहतुकीनंतर ट्रॉल्यांनी खोल केलेल्या चाकोऱ्या, पंचगंगेकाठची टायरला धरणारी काळी माती, तिथं मात्र खालनं गुदमरणारी गाडी रुततेच, मग पिवळीवर ये. लाल स्प्रिंग मोठ्या सरळ ट्रॅकला. आणि मसाईच्या पठारावर गाडी घालायची नाही. तिथली माती बोटभर जाड, टायरची रेघ वर्षानुवर्षं जात नाही. माझ्याकडं गाडी लावून घेणाऱ्याला मी हे आधी सांगतो, पटत नसेल तर दुसरा मेस्त्री बघ म्हणतो.

दर पाव आट्याची नोंद वहीत ठेव. तारीख, हवा, जेट, किती आटे, कसली जमीन. डोक्यात राहतं असं वाटतं, राहत नाही.

पेट्रोलचं एक राहिलं. आता पंपावर ई-२० मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही उसाचं. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात मिक्स केलेला कॅन महिनाभर ठेवलास तर ते पेट्रोल वापरू नकोस, लागेल तेवढंच मिक्स कर. इथेनॉलनं मिक्श्चरही थोडं लीन होतं, म्हणून प्लगचा रंग चॉकलेटी आहे ना ते बघत राहा. पांढरा पडायला लागला तर जेट एक नंबर मोठा. गाडी पावसात बंद ठेवायची असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी कर आणि आठवड्यातनं एकदा व्हॉल्व्हचा दांडा हातानं हलव. पंधरा दिवसांच्या दमट हवेत कार्बन आणि ऑइल त्याला चिकटवून टाकतात.

आणि सेकंडहँड बघायला जाशील तेव्हा. या गाड्यांना पासिंग नसतं, छोट्या हत्तीत घालूनच आणायच्या असतात, म्हणून परत नेऊन देणं महागात पडतं. मालक किक मारून धूर काढून दाखवेल, आवाज ऐकवेल. ते राहू दे. गाडी गार असताना ते छोटं झाकण उघडून दे म्हणावं. बोटानं दांडा फिरव. स्प्रिंगच्या जोरावर तो टचकन परत आला तर पुढचं बोल. अडकला, किंवा अर्ध्यात राहिला, तर वरचं सगळं काढून बघायला लागणार म्हणून सांग, आणि मग भाव विचार.