उहुदनंतरची सकाळ आणि नापासाचा निकाल

भारतात स्थापत्य किंवा यंत्र अभियंत्याला पदवीनंतर नोकरी धरण्यासाठी सहसा वेगळी सरकारी परवाना-परीक्षा द्यावी लागत नाही. जहाजावरील अभियंत्याचे तसे नाही. शिक्षण संपवून, काही महिने इंजिन रूममध्ये उमेदवारी करूनही ‘एम. ई. ओ. क्लास फोर’ची लेखी व तोंडी परीक्षा पार पडेपर्यंत त्याला सक्षमता प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्यावाचून इंजिनाची पाळी स्वतंत्रपणे त्याच्या हाती दिली जात नाही. कोकणी मुस्लिम घरांना समुद्र परका नाही. पनवेल तालुक्यातीलच न्हावा येथील ‘रहमान’ ही नाविक प्रशिक्षण संस्था सर मोहम्मद यूसुफ यांच्या नावाशी जोडलेली आहे.

नवीन पनवेलला लागून असलेल्या विचुंब्यात अशा एखाद्या उमेदवाराचे घर डोळ्यांसमोर आणा. मुंबईत तोंडी परीक्षा झाली, परीक्षकांनी नापास केले, मुलगा लोकलने परत आला. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर आहे, लग्नाची बोलणी चालू आहेत. पुढचे आठ दिवस त्या घरात काय बोलले जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

हिजरी सन ३ मध्ये (इ. स. ६२५) उहुदच्या मैदानात मुस्लिमांच्या हाती आलेला विजय निसटला. टेकडीवरील बहुतेक तिरंदाजांनी नेमून दिलेली जागा सोडली होती. सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले, खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) जखमी झाले. सूरह आलि इमरानमध्ये या प्रसंगाची चिकित्सा आहे, आणि ती फार स्पष्ट आहे. हे कोठून आले, या प्रश्नाला उत्तर मिळते की ते तुमच्याकडूनच आले (३:१६५). म्हणजे नापास होताच ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून वही मिटणे हे तवक्कुल नव्हे. ‘नजर लागली’ म्हणून ताईत शोधत फिरणे तर त्याहूनही वाईट. पंपाच्या प्रश्नावर अडलो की विद्युत विभागात, पाठांतर होते पण यंत्र हाताळले नव्हते काय, हे त्याच आठवड्यात, प्रश्न आठवत असतानाच लिहून काढावे.

मात्र चिकित्सा वेगळी आणि हळहळ वेगळी. सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा आहे की, जे हितकारक आहे त्यासाठी झटा, अल्लाहची मदत मागा, हतबल होऊ नका. आणि काही आघात झालाच तर ‘असे केले असते तर’ म्हणत बसू नका, कारण ते शैतानाला दार उघडून देते. कारण शोधणारा मनुष्य पुढच्या तारखेकडे पाहतो. हळहळणारा मागच्याच तारखेपाशी थांबतो.

आता घरच्यांविषयी. त्याच सूरहमध्ये (३:१५९) प्रेषितांच्या (स.) मृदू स्वभावाला अल्लाहची कृपा म्हटले आहे, ते कठोर असते तर लोक त्यांच्यापासून पांगले असते. नंतर क्रम येतो: त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करा, त्यांच्याशी सल्लामसलत करा, आणि निश्चय झाला की अल्लाहवर भिस्त ठेवा. येथे थोडे थांबावे. मदीनेबाहेर जाऊन लढण्याचा आग्रह सल्लामसलतीतच, विशेषतः तरुणांनी धरला होता. युद्धाचा शेवट कटू झाला, तरी सल्ल्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला गेला नाही. आपल्याकडे मात्र मुलगा एकदा नापास झाला की मामा, चाचा आणि शेजारी मिळून त्याचे भवितव्य ठरवतात आणि त्याला विचारतही नाहीत. कठोर घरातला मुलगा मग निकालच लपवू लागतो. मुलीकडच्यांनाही खरे सांगावे. खोट्यावर निकाह उभारू नये.

उहुदच्या दुसऱ्याच दिवशी तेच जखमी सहाबा प्रेषितांच्या (स.) हाकेसरशी हमरा अल-असदपर्यंत शत्रूच्या मागावर निघाले. जखमा भरल्या नव्हत्या. कुरआनने त्यांची प्रशंसा केली आहे (३:१७२).

या परीक्षेत भागवार मूल्यमापन होते. एका भागात अडलेल्याने सगळेच गमावलेले नसते. म्हणून पहिल्याच आठवड्यात फेरपरीक्षेचे नियम व मुदती नीट पाहाव्यात, कर्जाच्या हप्त्याविषयी बँकेशी बोलावे, आणि रोज फजरनंतरचे दोन तास राहिलेल्या भागासाठी राखावेत. ते दोन तास घरच्यांनी त्याला बाजारहाटाला पाठवू नये.