निवासी जागेतील चिकित्सालय, औषधनिर्माण व विक्री : जागेच्या वापराचे नियम

अनेक वैद्य राहत्या घरी अथवा गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावरील सदनिकेत रुग्णसेवा करतात. तेथेच चूर्णे कुटली जातात, काढे सिद्ध होतात, आणि पुढे एखादी पंचकर्माची खोलीही उभी राहते. शेजाऱ्याची तक्रार होऊन महापालिकेची नोटीस आली, की ‘औषध कायद्याने आम्हांस मुभा आहे, जागेचा प्रश्न येतोच कोठे?’ असे विचारले जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचाच विचार केला आहे.

१. दोन कायदे, दोन प्रश्न

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील कलम ३३-ईईसी अन्वये परवान्यावाचून आयुर्वेदीय औषधांची निर्मिती करण्यास मनाई आहे. तथापि स्वतःच्या रुग्णांच्या उपयोगासाठी औषधे तयार करणाऱ्या वैद्यांस त्यातून सूट दिलेली आहे. सन २००० मध्ये ‘अनुसूची टी’द्वारे उत्तम निर्मितीचे निकष लागू झाले. बाजारात विक्री न करता केवळ आपल्या रुग्णांस औषध देणारा नोंदणीकृत वैद्य त्यांतूनही मुक्त आहे.

मात्र ही सूट ‘औषध कोणी करावे’ या प्रश्नाचे उत्तर होय. ‘कोठे करावे’ हा प्रश्न महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कक्षेत येतो. त्यातील ‘विकास’ या संज्ञेत बांधकामाबरोबरच इमारतीच्या वा जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही समाविष्ट आहे. म्हणजे एक वीटही न हलविता विनापरवाना ‘विकास’ घडू शकतो. अशा बाबतीत शिक्षा, नोटीस व वापर थांबविण्याच्या तरतुदी कलम ५२ ते ५४ मध्ये आहेत.

एका कायद्यातील व्याख्या दुसऱ्या कायद्यास लावता येत नाही, हे विसरू नये. डॉक्टरांचा खाजगी दवाखाना हा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ खालील ‘वाणिज्य आस्थापना’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका प्रकरणात १९६८ साली दिला. तो प्रश्न कामगारविषयक कायद्यातील व्याख्येपुरता होता. महाराष्ट्राने पुढे १९७७ च्या दुरुस्तीने ती व्याख्याच बदलली. त्या निर्णयाच्या आधारे सदनिकेचा वापर नियमित ठरत नाही.

२. वापराच्या पायऱ्या

वापर क्रमाक्रमाने बदलतो. म्हणून प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासावी.

(अ) केवळ बाह्यरुग्ण तपासणी : निवासास पूरक म्हणून ही पायरी बहुधा मान्य असते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, इमारतीत राहणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकास आंतररुग्ण न ठेवता ३० चौरस मीटरपर्यंतच्या जागेत दवाखाना चालविण्याची मुभा होती. मुंबईत २०१८ साली नवी नियमावली आली. राज्याच्या अन्य बहुतांश भागास डिसेंबर २०२० पासून एकात्मिक नियमावली लागू आहे. आकडे व अटी आपापल्या क्षेत्राच्या विद्यमान नियमावलीतूनच पाहाव्यात. व्यावसायिक तेथील रहिवासी आहे काय, क्षेत्रफळ किती आणि रुग्ण मुक्कामी राहतात काय, हे तीन प्रश्न सर्वप्रथम तपासावेत.

(आ) स्वतःच्या रुग्णांसाठी औषधनिर्माण : खल, पाटा व घरगुती मिक्सर यांवर होणारे काम सहसा आक्षेपार्ह ठरत नाही. भट्टी, मोठे कुट्टणयंत्र वा पगारी मजूर आले की स्थिती पालटते. मुंबईच्या १९९१ च्याच नियमावलीत ‘गृहव्यवसाया’च्या व्याख्येत चार खुणा होत्या : कुटुंबीयांनीच काम करणे, पगारी मजूर नसणे, बाहेर फलक नसणे आणि घरगुती स्वरूपाचीच यंत्रे असणे. मर्यादा कोठे ओलांडली जाते, हे ओळखण्यास त्या आजही उपयुक्त आहेत. धूर, वास व आवाज यांवरूनच बहुतेक तक्रारी उद्भवतात, हेही ध्यानी घ्यावे.

(इ) अन्य वैद्यांस वा दुकानांस पुरवठा : येथे दोन्ही बाजू एकदम बदलतात. ‘स्वतःच्या रुग्णांसाठी’ ही सूट संपते आणि परवाना आवश्यक होतो. अनुसूची टी नुसार किमान १२०० चौरस फूट आच्छादित जागा व प्रत्येक प्रक्रियेसाठी स्वतंत्र विभाग लागतात. जागेचा वापर औद्योगिक ठरतो. सदनिकेत हे बसत नाही. त्यासाठी औद्योगिक गाळा हाच मार्ग होय.

(ई) औषधविक्रीचे दुकान : केवळ आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस औषध कायद्याखाली विक्री परवाना लागत नाही. यावरून जागाही कोणतीही चालेल असा समज होतो. तो चुकीचा आहे. दुकान हा वाणिज्य वापर असून निवासी विभागात त्याची मान्यता रस्त्याची रुंदी, मजला व स्वतंत्र प्रवेश यांवर अवलंबून असते.

(उ) पंचकर्म : दिवसा स्नेहन-स्वेदन करून रुग्ण घरी जात असल्यास तो बाह्यरुग्ण विभागाचा विस्तार मानता येईल. मुक्कामी खाट ठेवताच शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ चा विषय उपस्थित होतो आणि इमारत, अग्निसुरक्षा व वाहनतळ यांचे निकषही बदलतात.

३. तीन गैरसमज

पहिला : संस्थेचे ना-हरकत पत्र पुरेसे आहे. ते आवश्यक असू शकते. परंतु नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीची जागा ते घेऊ शकत नाही. दुसरा : अनिवासी दराने मालमत्ता कर भरला म्हणजे वापर मान्य झाला. कर आकारणी ही प्रत्यक्ष वापरावर होते. तिने अवैध वापर वैध होत नाही. तिसरा : वर्षानुवर्षे चालू आहे, म्हणून कोणी हात लावणार नाही.

या तिसऱ्या समजाची किंमत दिल्लीत दिसून आली. तेथे निवासी जागांच्या गैरवापराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर दीर्घकाळ चालू असलेल्या असंख्य जागांना टाळे लागले. फेब्रुवारी २००७ मधील बृहत् आराखड्यात डॉक्टर, वकील आदींच्या व्यावसायिक कार्यास निवासस्थानी मर्यादित मुभा मिळाली. तथापि मधल्या काळातील हानी भरून निघाली नाही.

४. सारांश

वैद्यबंधूंनी व औषधालय-चालकांनी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, खरेदी वा भाडेकरार आणि संस्थेचे उपविधी ही चार कागदपत्रे एकत्र ठेवावीत. वापराची पुढील पायरी चढण्यापूर्वी वास्तुविशारदाकडून लेखी अभिप्राय घ्यावा आणि आवश्यक असल्यास वापरबदलाचा अर्ज करावा. आयुर्वेदात चिकित्सेपूर्वी देशाचा विचार सांगितला आहे, व त्यात आतुराइतकाच भूमीचाही समावेश आहे. चिकित्सालयाच्या भूमीचा विचारही आरंभीच व्हावा. अन्यथा नोटिशीचा भार उपचार अर्धवट राहिलेल्या रुग्णावरही पडतो.