घटक ५ : सोबतीचा प्रवास आणि निवेदकाचे सर्वनाम

५.१ प्रस्तावना

प्रवासवर्णनाचा निवेदक म्हणजे ‘मी’, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. परंतु पुष्कळ प्रवास एकट्याने होत नाहीत. सोबत कोणी असले की ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येतो आणि हा बदल इतका सहज होतो की तो लेखकाच्याही लक्षात येत नाही. हा ‘आम्ही’ कोणाकोणाला सामावून घेतो, कोणाला झाकतो, हे पाहणे हा या घटकाचा विषय आहे. उदाहरणासाठी थोड्या पैशांत, मित्रासोबत केलेला कोकण किनाऱ्यावरचा प्रवास घेतला आहे. प्रवास माझाच आहे. सदोष उतारा दाखवायचा तर तो स्वतःचा असावा, एवढाच त्यामागचा हेतू.

५.२ थोड्या पैशांतला प्रवास

मराठी गद्याला अशा प्रवासाची जुनी ओळख आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले, ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. सोबत चुलते होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक 1907 मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकात ‘माझा’ आहे, रस्त्यावर मात्र माणसे दोन आहेत, हे या घटकापुरते ध्यानात ठेवा.

पैसे बेताचे असले की प्रवासी इतरांच्या भाषेवर अवलंबून राहतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो खोली मागतो आणि भाडे देतो. तेथे दोन वाक्यांत काम भागते. ज्याच्याजवळ ते नाहीत त्याला वाट विचारावी लागते, ओळख सांगावी लागते, आसरा मागावा लागतो. म्हणून अशा प्रवासाच्या वर्णनात संवाद अधिक आणि स्थळे कमी असणे स्वाभाविक आहे.

आमचा प्रवास हर्णै ते रत्नागिरी असा झाला. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली. ही गोष्ट तिच्या काही वर्षे आधीची, दिवाळीच्या सुट्टीतली. दोघे विद्यार्थी, पाठीवर एकेक पिशवी, खिशात दोघांचे मिळून तीनशे रुपये. नकाशावर किनारा सरळ दिसतो, पण पायी अथवा एस.टी.ने जाणाऱ्याला तो तसा भेटत नाही. मध्ये खाड्या आडव्या येतात. दाभोळला वाशिष्ठीची, जयगडला शास्त्री नदीची. आज दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ येथे फेरीबोटीतून मोटारीही पलीकडे जातात. आम्ही माणसांच्या होडीतून गेलो. खाडी उतरली की पुन्हा जांभ्याचा सडा चढायचा, उन्हाने तापलेल्या त्या उघड्या कातळावरून चालायचे, आणि पलीकडे माडा-पोफळीच्या सावलीत उतरायचे. दमट हवेमुळे सकाळी धुतलेला सदरा संध्याकाळपर्यंत वाळत नसे. रात्री कधी देवळाचा सभामंडप, कधी एस.टी. स्थानकाचे बाकडे, तर कधी कोणाच्या घराची पडवी.

५.३ ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. हिंदीतील ‘हम’ हा भेद करत नाही. धोपाव्याला जाताना होडीवाला म्हणाला, “पाणी जरा चढू दे, मग आपण निघू.” या एका शब्दाने तो आमच्या बाजूला येऊन बसला. तो ‘आम्ही निघू’ म्हणाला असता, तर आम्ही काठावरच राहिलो असतो.

परंतु ‘आपण’ नेहमी दार उघडतेच असे नाही. ‘आपल्यातलेच ना?’ हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी नोकरीनिमित्त नव्या गावी खोली शोधताना ऐकला असेल. तेथील ‘आपल्या’मध्ये ऐकणाऱ्याला बोलावणे आहे, पण आधी तपासणीही आहे. तीच सर्वनामे, वापर उलटा. व्याकरणाच्या पुस्तकात हा भाग सहसा येत नाही. तो यावा असे माझे मत आहे.

५.४ उतारा आणि त्यातील दोष

परत आल्यावर मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिला. त्यातील हा भाग :

“गुहागर सोडून दक्षिणेला निघालो. अंधार पडताना एका गावी पोचलो. एका घरी आसरा मागितला. गरम भात आणि कुळथाचे पिठले पोटभर जेवलो. समुद्राचा आवाज ऐकत पडवीत झोपलो. कोकणी माणसाच्या आतिथ्याने आम्ही भारावून गेलो.”

यात असत्य वाक्य एकही नाही, निदान पहिल्या पाच वाक्यांत तरी नाही. आता क्रियापदे पाहा. ‘निघालो’, ‘पोचलो’, ‘जेवलो’, ‘झोपलो’ ही रूपे पुरुष निवेदकाच्या बाबतीत एकवचनी आणि अनेकवचनी सारखीच होतात : मी जेवलो, आम्ही जेवलो. स्त्री निवेदक असती तर ‘जेवले’ की ‘जेवलो’ हे तिला ठरवावे लागले असते. भाषेनेच तिला थांबवले असते. मला कोणी थांबवले नाही. ‘आसरा मागितला’ येथे तर क्रियापद कर्माशी जुळते, त्यामुळे मागणारा किती जणांच्या वतीने बोलला हे कळायला वावच नाही. सर्वनाम गाळण्याची मराठीची ही सोय एरवी फार उपयोगाची आहे. येथे ती माझ्या उपयोगी पडली, असे म्हणावे लागेल.

कारण त्या घरी घडले ते असे. खळ्यात उभे असतानाच आम्हांला आडनावे विचारली गेली. आम्ही सांगितली. थोड्या वेळाने मला आत माजघरात बोलावून पान मांडले गेले आणि मित्राला पडवीत पत्रावळ आणून दिली. कोकणातील जुन्या घरात खळे, पडवी, ओटी, माजघर अशी एकामागोमाग एक आत जाणारी रचना असते. परक्या माणसाला कोठपर्यंत येऊ दिले यावरून घराने त्याला काय मानले ते कळते. त्या रात्री मी तीन पायऱ्या आत होतो. अन्न तेच होते, वाढणाऱ्या आजी प्रेमळ होत्या, आणि मी भूक आहे म्हणून जेवत राहिलो. नंतर बाहेर येऊन मित्राशेजारी सतरंजी टाकली. त्याविषयी आम्ही एक शब्दही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तवसाळच्या वाटेवर दोघांनी भरतीच्या वेळेविषयी मात्र पुष्कळ चर्चा केली.

अंक निघाल्यावर मित्राने लेख वाचला आणि विचारले, “यातला ‘आम्ही’ म्हणजे कोण?”

५.५ दुसरा मजकूर : हिशेबाची वही

प्रवासाचा हिशेब मित्राकडे होता. चाळीस पानी वही, दर दिवसाला एक पान. एस.टी.चे तिकीट, होडीचे पैसे, चहा दोन, केळी सहा. त्यात सर्वनाम एकही नव्हते. त्या रात्रीची नोंद अशी होती : “जेवण – १ आत, १ बाहेर. पैसे घेतले नाहीत.”

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. माझ्या सहा वाक्यांत नसलेली गोष्ट त्या नोंदीत दोन शब्दांत आली आहे. शिवाय ‘पैसे घेतले नाहीत’ हेही त्याने लिहिले. घराचा चांगुलपणा त्याने वजा केला नाही. प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना हिशेब, पत्रे, तिकिटांवरची टिपणे यांना दुय्यम साहित्य म्हणून बाजूला सारू नये, असे मी संपर्कसत्रांत नेहमी सांगतो. त्याचे कारण ही वही आहे.

५.६ पुनर्लेखनाचा प्रश्न

मी तो भाग पुन्हा लिहिला : “मला माजघरात पान वाढले. मित्राला पडवीत. मी उठलो नाही. मित्राला अपमान वाटला.” मित्राने पहिली तीन वाक्ये ठेवली आणि चौथे खोडले. “ते तुला कसं कळलं?” एवढेच तो म्हणाला. आजवर त्याने त्या रात्रीविषयी मला आणखी काही सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.

त्याचा आक्षेप शास्त्रीय दृष्ट्याही बरोबर होता. ‘आम्ही चाललो’ हे निवेदक पाहून सांगू शकतो. ‘आम्ही भारावून गेलो’, ‘आम्हांला समुद्र रम्य वाटला’ ही वाक्ये दुसऱ्याच्या मनाविषयी विधान करतात आणि त्याला न विचारता करतात. कृतीची क्रियापदे आणि मनोव्यापाराची क्रियापदे यांत हा फरक आहे. दुसऱ्या लेखनात मी ‘आम्ही’ काढून ‘मित्राला’ असा शब्द घातला, तरी चूक तीच राहिली होती. तिचे सर्वनाम तेवढे बदलले होते.

५.७ स्वाध्याय

१. तुम्ही कोणासोबत केलेल्या एखाद्या कमी खर्चाच्या प्रवासावर दीडशे शब्द लिहा. नंतर प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून कर्ता एकवचनी की अनेकवचनी ते समासात नोंदवा. जेथे ठरवता येत नाही, तेथे का येत नाही ते लिहा.

२. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधील कोणतीही पाच पाने निवडा. चुलत्यांचा समावेश असलेली आणि नसलेली वाक्ये वेगळी काढा.

३. पहिल्या स्वाध्यायातील मजकूर त्या सोबत्याला वाचून दाखवा. त्याने अथवा तिने खोडलेली वाक्ये उत्तरपत्रिकेत जोडा. सोबती हयात नसेल किंवा भेटणे शक्य नसेल, तर कोणती वाक्ये खोडली गेली असती असे तुम्हांला वाटते ते लिहा, आणि तसे वाटण्याला आधार काय तेही नमूद करा.